डीपीएफ पुन्हा पुन्हा का चोक होतो? काजळीच्या मुळाशी जाण्याची रीत



आजचा विषय वाचून कालपासून मला तीन फोन आले. एकाने विचारलं, "सर, तत्त्वज्ञान संपलं का? गॅरेज टाकताय?" तत्त्वज्ञान संपलेलं नाही. उलट निवृत्तीनंतर तर्कशास्त्राचा इतका रोकडा उपयोग मला एकदाच झाला, आणि तो गॅरेजमध्ये झाला. तेव्हा लाखभर रुपये वाचले, आणि एक चुकीचं काम हातून होता होता राहिलं. ती हकीकत आणि त्यातून शिकलेली रीत आज सांगणार आहे. मी इंजिनिअर नाही. यातलं जे काही मला कळलं ते मिस्त्रींना प्रश्न विचारून आणि गाडीचं पुस्तक वाचून कळलं. ते पुस्तक आपण सगळेच डिकीत ठेवतो आणि कधी उघडत नाही.

आधी हकीकत. २०२१ साली आम्ही डिझेलची गाडी घेतली. वापर काय, तर जळगावातल्या जळगावात. घरून बँक, बँकेतून भाजी बाजार, संध्याकाळी मेहरूण तलाव. दीड वर्षाने समोरच्या पट्टीवर एक पिवळा दिवा लागला. वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी स्कॅनर लावला, गाडी जागेवर उभी ठेवून काजळी जाळली, दिवा घालवला, बिल दिलं. तीन महिन्यांनी तोच दिवा. पुन्हा तेच काम, तेच बिल. तिसऱ्यांदा तो पाच आठवड्यांत लागला. या वेळी सांगण्यात आलं, "फिल्टर गेला. नवीन टाकावा लागेल." आकडा लाखाच्या पुढचा होता. तिथून निघालो तर बाहेर एका ओळखीच्याने अहिराणीत सोपा मार्ग सांगितला, "सर, जाळी काढी टाका, कटकटच मिटी जाई."

खरं सांगतो, मला तो मार्ग पटत चालला होता. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि घरी आलो.

जाळी नेमकं करते काय?

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात नव्या गाड्यांना बीएस-सहा ही मानकं लागू झाली. आपण बीएस-चार वरून एकदम सहावर आलो, पाच मधली गाळली. डिझेल मोटारीने एका किलोमीटरला किती सूक्ष्म कण सोडावेत याची मर्यादा २५ मिलिग्रॅम होती, ती ४.५ वर आली. एवढी काजळी अडवायची तर गाळणी हवी. तीच ही डीपीएफ. मिस्त्री लोक तिला जाळी म्हणतात, पण ती चहाच्या गाळणीसारखी नसते. मधमाशांच्या पोळ्यासारखा चिनी मातीच्या जातीचा एक ठोकळा असतो आणि त्यात शेकडो बारीक नळ्या असतात. एक नळी पुढून उघडी आणि मागून बंद, तिच्या शेजारची पुढून बंद आणि मागून उघडी. त्यामुळे धुराला सरळ निघून जाता येत नाही. त्याला नळीच्या सच्छिद्र भिंतीतून पलीकडे जावं लागतं. वायू पलीकडे जातो, काजळी भिंतीवर बसते.

आपल्या पिढीला कंदील आठवत असेल. वात जास्त वर केली की काच काळी व्हायची, आणि संध्याकाळी राखेने ती पुसायचं काम घरातल्या पोरांकडे असायचं. या फिल्टरची काच रोज कोण पुसणार? म्हणून गाडी ती स्वतःच साफ करते. साठलेली काजळी पेटवून देते. याला रिजनरेशन म्हणतात. गॅरेजमध्ये नुसतं 'रिजन' म्हणतात, आपणही तसंच म्हणू.

काजळी म्हणजे कार्बन. तो हवेतल्या ऑक्सिजनने जळायचा तर साधारण ६०० अंश सेल्सिअसची उष्णता लागते. इथे कोणी म्हणेल, "जळगावात मे महिन्यात ४६ अंश असतं, आपल्याकडे तर फिल्टर आपोआप साफ व्हायला हवा." आपल्या उन्हाचा कितीही अभिमान असला तरी ४६ आणि ६०० यांत फरक आहे!

ही उष्णता दोन प्रकारे मिळते. गाडी महामार्गावर भार घेऊन एका लयीत पळत असते तेव्हा धूर चांगला तापलेला असतो. त्यातला नायट्रोजन डायऑक्साइड २५० ते ४०० अंशांच्या आसपासच काजळी हळूहळू खात राहतो. हे आपल्याला कळतही नाही. शहरात फिरताना मात्र एवढी उष्णता होत नाही, काजळी साठत जाते. ठरावीक हद्द आली की गाडीचा संगणक मुद्दाम थोडं जास्त डिझेल उशिरा फवारतो. ते फिल्टरच्या आधी असलेल्या कॅटॅलिस्टमध्ये जळतं, धूर तापतो आणि काजळी पेटते. याला दहा ते वीस मिनिटं लागतात. त्या वेळी जागेवर आरपीएम किंचित वाढलेला दिसतो. गाडी बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहतो. तापलेल्या लोखंडासारखा वास येतो.

आता माझी दिनचर्या पाहा. घर ते बँक बारा मिनिटं. रिजन सुरू झालं असेल तेवढ्यात मी चावी काढतो. काम अर्धवट राहतं. आणि ते जास्तीचं डिझेल? न जळलेलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिनच्या ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं, त्याची पातळी वाढते. ऑइल कमी झालं तर आपण घाबरतो. वाढलं तर काळजी करावी हे मला सत्तरीत कळलं.

धूर, विस्तव आणि ओलं लाकूड

त्या दोन दिवसांत माझ्या डोक्यात जे फिरत होतं ते सांगतो. आपल्या न्यायशास्त्रात अनुमानाचं एक ठरलेलं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे विस्तव आहे. हे बरोबर. पण उलटं म्हणून पाहा: विस्तव आहे, म्हणून धूर असलाच पाहिजे. हे चुकीचं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. मग विस्तवातून धूर कधी निघतो? त्याची ओल्या लाकडाशी गाठ पडते तेव्हा. या लपलेल्या अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. अन्नंभट्टांच्या 'तर्कसंग्रहा'त हे आहे आणि मी ते अनेक वर्षं फळ्यावर लिहिलेलं आहे.

चुलीपुढे बसलेल्या कुठल्याही आजीला हे तर्कसंग्रह न वाचता ठाऊक असतं. चूल धुपायला लागली की ती काय बघते? लाकूड ओलं आहे का. जास्त कोंबलंय का. वारा लागतोय का, नाहीतर फुंकणी घेते. भिंत काळी झाली म्हणून ती रोज भिंत पाडत नाही.

आणि मी काय करत होतो? तीन वेळा भिंत पुसून घेतली होती, आता भिंत बदलायला निघालो होतो. प्रत्येक वेळी दिवा गेला म्हणजे दोष गेला, असं मी धरून चाललो. फिल्टर भरतोय हा परिणाम होता. दीड वर्ष जो फिल्टर नीट चालला तो एकाएकी तीन महिन्यांत आणि मग पाच आठवड्यांत भरायला लागला, याचा अर्थ मागे कुठेतरी ओलं लाकूड आलं होतं. ते कोणीच शोधलं नव्हतं. मीही नाही.

आधी प्रश्न नीट मांडा

धुळ्याला माझा एक जुना विद्यार्थी असतो. त्याने एका वयस्क मिस्त्रींचं नाव सुचवलं. मी एरंडोल, पारोळामार्गे गाडी घेऊन गेलो. त्या मिस्त्रींनी बॉनेट उघडण्याआधी दहा मिनिटं नुसते प्रश्न विचारले. रोज किती चालते? रिझर्व्हवर चालवता का? ऑइल कुठलं घातलं, कधी? चढावर ओढ कमी लागते का? आणि शेवटी, "सर, गाडी दाबली की शिट्टीसारखा आवाज येतो का?" येत होता. मला वाटलं होतं खिडकीच्या रबरातून वारा येतोय.

त्यांच्या प्रश्नांमागे जी विभागणी होती ती मी नंतर वहीत लिहून काढली. आजच्या व्याख्यानातलं एवढं घरी घेऊन गेलात तरी पुरे. डीपीएफ पुन्हा पुन्हा भरत असेल तर तीन शक्यता असतात.

पहिली: रिजन सुरूच होत नाही. याची कारणं बहुधा गाडीने दार बंद करून घेतल्याची असतात. टाकीत डिझेल रिझर्व्हवर असलं की बऱ्याच गाड्या रिजन सुरू करत नाहीत. धुराचं तापमान मोजणारा सेन्सर बिघडला, तरी करत नाहीत. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर इंजिन पुरतं तापतच नाही, मग रिजनची अट पूर्ण होत नाही. ईजीआरचा किंवा दुसरा एखादा दोष संगणकात नोंदलेला असला, तरी तो आधी निस्तरेपर्यंत रिजन थांबतं.

दुसरी: रिजन सुरू होतं, पण पूर्ण होत नाही. हा वापराचा दोष. छोट्या फेऱ्या, मध्येच चावी काढणं.

तिसरी: रिजन सुरू होतं, पूर्णही होतं, पण दोन रिजनमधलं अंतर कमी कमी होत जातं. म्हणजे एक तर काजळीच जास्त तयार होतेय, किंवा फिल्टरमध्ये राख साठून जागा कमी झालीय.

राख आणि काजळी यांत घोळ करू नका. काजळी जळते. राख ही इंजिन ऑइलमधल्या रसायनांची असते, धातूंची असते. ती कितीही तापवली तरी जळत नाही. ती लाखभर किलोमीटरच्या हिशेबाने साठते. चुकीचं ऑइल घातलं किंवा इंजिन ऑइल पीत असलं तर लवकर साठते. म्हणून बीएस-सहा डिझेलला कमी राखेचं ऑइल लागतं, आणि ते कुठलं हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. 'डिझेलचं आहे ना, मग चालतं' हे आता चालत नाही. माझ्या गाडीचं रनिंग तीस हजारही झालेलं नव्हतं. त्या रनिंगला राखेचा आरोप टिकत नव्हता, म्हणजे उरलं काय ते पाहा.

तपासाचा क्रम

आता क्रमाने सांगतो. यातल्या काही गोष्टी तुम्ही घरी करू शकता. बाकीच्या मिस्त्रींकडून करून घ्यायच्या, पण काय विचारायचं ते ठाऊक असू द्या.

सुरुवात ऑइलपासून. गाडी सपाट जागी, इंजिन थंड. पट्टी ओढून बघा. ऑइल वरच्या खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर पुढचं सगळं थांबवा. आधी ऑइल आणि त्याचा फिल्टर बदला. असं पातळ ऑइल असताना गाडी दामटली तर बेअरिंग आणि टर्बो जातो. ऑइल फारच वाढलं असेल तर इंजिन स्वतःचंच ऑइल इंधन म्हणून ओढू लागतं, आणि मग ते चावी फिरवूनही बंद होत नाही. माझं ऑइल खुणेच्या वर गेलेलं होतं. आदल्या तीन खेपांना ही पट्टी कोणी ओढून पाहिलीच नव्हती.

मग सायलेन्सरचं टोक. थंड असताना आत बोट फिरवा. बोट जवळजवळ स्वच्छ निघालं तर फिल्टर शाबूत आहे, तो आपलं काम करतोय. बोट काळं झालं तर फिल्टर तडकलाय, नाहीतर आधीच्या मालकाने तो रिकामा केलाय. जुनी गाडी विकत घेताना एवढी तपासणी जरूर करा. पूर्वी काळा धूर दिसला की इंजिन बिघडल्याचं कळायचं. आता फिल्टर धूर पोटात ठेवतो. त्यामुळे धूर दिसत नाही म्हणून इंजिन ठीक आहे, हे अनुमान या गाड्यांत फसतं.

नंतर स्कॅनर. कोड पुसण्याआधी ते सगळे लिहून घ्या, हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला. पी २४६३ म्हणजे काजळी साठली. पी २४२एफ म्हणजे राख साठली. पी २४५२ ते पी २४५५ हे दाब मोजणाऱ्या सेन्सरचे किंवा त्याच्या वायरिंगचे दोष. पी २००२ म्हणजे फिल्टर नीट गाळत नाही. सोबत हवेचा, ईजीआरचा, तापमानाचा एखादा कोड दिसला तर बहुतेक वेळा मुख्य आरोपी तो असतो. कोड पुसले की पुरावा गेला. शेवटचं पूर्ण झालेलं रिजन किती किलोमीटरपूर्वीचं, अर्धवट किती राहिली, काजळीचा अंदाज किती, हे आकडे बऱ्याच गाड्यांत स्कॅनरवर दिसतात. मी सांगितलेली तीन शक्यतांची विभागणी याच आकड्यांवरून होते.

दाबाचा सेन्सर स्वतंत्रपणे तपासून घ्या. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब यांतला फरक तो मोजतो, त्याला दोन बारीक नळ्या असतात. नळी तडकली, तिच्यात काजळी अडकली किंवा कोणी नळ्या उलटसुलट जोडल्या तर सेन्सर खोटं सांगतो आणि धडधाकट फिल्टरवर चोक झाल्याचा आळ येतो. परीक्षा सोपी आहे. चावी चालू, इंजिन बंद, तेव्हा फरक शून्याच्या आसपास दिसला पाहिजे. वारा वाहतच नाही तर फरक कुठून येणार? तसा तो दिसत असेल तर साक्षीदारच खोटा.

सेन्सर खरा निघाला आणि तिसरी शक्यता उरली, तर आजीच्या चुलीकडे या. वारा, सरपण, आच.

वारा: एअर फिल्टर बघा. आपल्या काळ्या मातीच्या मुलखात, कापूस वेचणीच्या दिवसांत शिवारातल्या रस्त्यांनी फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकातल्या मुदतीआधीच भरतो. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत जाणारे रबरी पाईप. ते तडकले किंवा क्लॅम्प सैल झाला तर मोजलेली हवा वाटेतच निसटते. संगणक हवेच्या हिशेबाने डिझेल सोडतो, प्रत्यक्षात हवा कमी पोचते, आणि काजळी होते. निसटत्या जागी पाईपवर तेलकट ओल दिसते, भार आला की शिट्टी वाजते. ईजीआरचा व्हॉल्व्ह उघडा अडकला तरी हेच. तो जळालेला वायू पुन्हा इंजिनात सोडतो, म्हणून ताज्या हवेची जागा घटते.

सरपण: इंजेक्टर गळत असेल, फवारा नीट नसेल, तर थेंब मोठे पडतात आणि कडेने अर्धवट जळतात. आणि डिझेल स्वतः. बीएस-सहा डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत १० भागांपेक्षा जास्त नसतं, पूर्वी ५० चालायचं. भेसळीच्या रॉकेलमधून गंधक येतं आणि ते कॅटॅलिस्टला मारक असतं. भेसळीचा विषय निघाला की आपल्या शेजारच्या मनमाडची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. २५ जानेवारी २०११ रोजी, इंधनाची भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथे जिवंत जाळण्यात आलं. स्वस्तात मिळणाऱ्या सुट्या डिझेलचा मोह झाला की एवढं आठवावं. पंपावरच भरा आणि पावती ठेवा.

आच: ती मघाशी आलीच. थर्मोस्टॅट, आणि तुमचा वापर.

माझ्या गाडीत काय निघालं

इंटरकूलरचा एक पाईप खालच्या बाजूने, क्लॅम्पजवळ, बोटभर तडकलेला होता. वरून दिसत नव्हता. मिस्त्रींनी हात घातला आणि तेलाने माखलेली बोटं मला दाखवली. पाईप बदलला, ऑइल आणि फिल्टर बदलला, मग स्कॅनरने एकदा रिजन करून घेतलं. हा क्रमही लक्षात ठेवा. कारण आधी दूर, ऑइल मग, रिजन शेवटी. काजळी प्रमाणाबाहेर भरलेली असेल तर स्कॅनरने रिजन करतच नाहीत. एकदम भडका उडून फिल्टर आतून वितळू किंवा तडकू शकतो. तेव्हा तो उतरवून यंत्रावर साफ करावा लागतो.

एकूण खर्च नव्या फिल्टरच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत बसला. पण मिस्त्री निघताना म्हणाले, "सर, पाईप मी बदलला. बँकेची फेरी तुम्ही बदला." कारण दोष दोन होते. पाईप तडकल्याने काजळी वाढली, आणि बारा मिनिटांच्या फेऱ्यांनी ती जळू दिली नाही. नैयायिक याला कारणसामग्री म्हणतात. सगळी कारणं जमतात तेव्हा कार्य घडतं. नुसता पाईप तडकला असता तर कदाचित महामार्गावर भागलं असतं. माझी फेरी नुसती छोटी असती तर दीड वर्ष निभावलं तसं आणखी निभावलं असतं. आता आम्ही दर रविवारी एरंडोलपर्यंत जाऊन येतो. बँकेत पायी जातो, डॉक्टरही खूश आहेत.

जाळी काढून टाकली तर?

आता त्या सोप्या मार्गाबद्दल. फिल्टर कापून आतला ठोकळा काढतात, संगणकाची आज्ञावली बदलतात, दिवा कायमचा जातो. गाडी जोरात पळते, मालक खूश. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवू, कारण पकडलं जाण्याची भीती ही चांगलं वागण्याची फार कच्ची सबब आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर गाड्या चालू ठेवून पालक उभे असतात, ते डोळ्यांपुढे आणा. सायलेन्सरचं टोक गुडघ्याच्या खाली असतं. तिसरीतल्या पोराचं नाक त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जवळ. माझी नात त्या गर्दीत असते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला आणायला गेलो, चालू गाड्यांच्या मागून वाट काढत ती आली, आणि माझा निर्णय तिथे झाला. त्याआधी चोवीस तास मी पैशाचा हिशेब करत होतो. तुमच्यापुढे हे मान्य केलेलं बरं.

शिवाय तर्काच्या अंगाने पाहा. जाळी काढली असती तर दिवा विझला असता, पाईप तडकलेलाच राहिला असता. ऑइल तसंच पातळ राहिलं असतं. मला सांगणारं मात्र कोणी उरलं नसतं, आणि इंजिन गेल्यावरच कळलं असतं.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न: माझी पिकअप सावदा परिसरात केळीच्या बागांतून माल भरते. दिवसभर बाग ते गोडाऊन, आणि भरताना इंजिन चालूच. काय करावं?*

भरताना इंजिन बंद ठेवा. जागेवर चालू ठेवल्याने फिल्टर तापतो हा गैरसमज आहे. तेव्हा आच सर्वांत कमी असते आणि काजळी जमतच राहते. आठवड्यातून एक-दोनदा महामार्गावर, भार असेल तर उत्तमच, वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा. टाकी पाव तरी भरलेली ठेवा. आणि एक जपा: रिजन चालू असताना किंवा नुकतंच झाल्यावर गाडी वाळलेला केळीचा पाला, कडबा, पऱ्हाट्या यांच्यावर उभी करू नका. खालचा भाग आग लागेल इतका तापलेला असतो.

*प्रश्न: दिवा लागला की लगेच गॅरेज गाठायचं का?*

नुसता डीपीएफचा पिवळा दिवा असेल, ओढ नेहमीसारखी असेल, ऑइलची पातळी बरोबर असेल, तर पुस्तकात दिलेल्या वेगाने महामार्गावर चालवून पाहा. धुळेकरांनी सोनगीरच्या बाजूला, जळगावकरांनी एरंडोलच्या. दिवा गेला तर तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा. लवकरच परत लागला तर तिसरी शक्यता धरून तपासणी करा. पण लाल दिवा असेल, इंजिनचा दिवा सोबत लागला असेल किंवा गाडी वेगच घेत नसेल, तर दामटू नका.

*प्रश्न: युरिया टाकला की काजळी जाते का? आमच्याकडे काही जण खताचाच युरिया पाण्यात कालवून टाकतात.*

युरियाचं द्रावण नायट्रोजनच्या वायूंसाठी असतं, काजळीसाठी नाही. त्याची टाकी वेगळी, सगळ्या गाड्यांना ती नसतेही. त्यात शुद्ध युरिया ३२.५ टक्के आणि क्षार काढलेलं पाणी असतं. गोणीतला युरिया कपाशीला घाला. गाडीत घातलात तर पंप आणि कॅटॅलिस्ट दोन्ही जातील.

*प्रश्न: फिल्टर प्रेशरच्या पाण्याने धुतला तर?*

सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार पाण्याने नको. आतल्या भिंती नाजूक असतात. त्यासाठी वेगळी यंत्रं असतात, आणि धुण्याआधी व नंतर वजन आणि दाब मोजून देतात का, ते विचारा. बाजारात मिळणाऱ्या बाटल्यांनी काजळी पेटायला कधी थोडी मदत होते, पण राख जात नाही आणि तडकलेला पाईपही सांधला जात नाही.

*प्रश्न: सर, मग आमच्यासारख्या निवृत्तांनी डिझेल गाडी घ्यावी का?*

रोज पाच किलोमीटर जायचं असेल तर घेऊ नये. मी घेतली, कारण शेजाऱ्यांनी घेतली होती. हा हेतू कुठल्याच तर्कशास्त्रात बसत नाही.